टेबलाजवळची पहिली खाट

इंदू,

तू गेल्याचं मला तुझ्या भाच्याच्या कार्डावरून कळलं. चार ओळी होत्या. "इंदूमावशी मूर्तिजापूर येथे अल्पशा आजाराने वारल्या. तुमचा पत्ता त्यांच्या डायरीत पहिल्याच पानावर होता, म्हणून कळवतो." मी कार्ड वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते आठवत स्वयंपाकघरात गेले. रडू आलं नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बाई, सोताची नाडी पाहा." पाहिली. बहात्तर. ठीक होती.

त्याला आता दोन महिने झाले. अजून काही होत नाही, म्हणून लिहायला बसले आहे. तुला माहीत आहे तेच तुला सांगणार, कारण वाचणाऱ्यांना तू ठाऊक नाहीस. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. त्यातली माणसं गेली, पण त्यांची नातवंडं अमरावतीतच आहेत आणि वाचतात.

तू आमच्या घरी पहिल्यांदा आलीस ती साठ सालच्या दिवाळीनंतर. मी तेहतीस वर्षांची, अमरावतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी, लग्न न केलेली, आणि त्याबद्दल कोणी विचारलंच तर दुसऱ्यांदा विचारणार नाही अशी उत्तरं देणारी. तू सत्तावीसची. पांढरं पातळ, कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी. नाव सांगायच्या आधी काम सांगितलंस.

"मले इंग्रजी पाह्यजे."

"किती?" मी विचारलं.

"मुंबईच्या साहेबासमोर अर्धा तास बसता येईन इतकं."

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात दहा महिन्यांचा एक कोर्स निघाला होता. नर्सिंगची परीक्षा पास होऊन काही वर्षं काम केलेल्यांसाठी. नुकतं ऑपरेशन झालेले, धनुर्वाताचे, भाजलेले, श्वास अडकलेले, म्हणजे जे तासातासाला इकडचे की तिकडचे ते कळत नाही अशा रोग्यांना कसं सांभाळायचं, एवढंच त्यात शिकवणार होते. आपल्या भागातून एक जागा. मुलाखत इंग्रजीत. तुझं कामाचं इंग्रजी खणखणीत होतं, औषधांची नावं तू माझ्यापेक्षा बरी म्हणायचीस. पण एक सबंध वाक्य बोलायचं म्हटलं की तू उभी राहायचीस. बसून तुला इंग्रजी येत नसे.

पहिल्या दिवशी आईने चहा दिला. तुझा कप वेगळा होता, कान तुटलेला, आणि तो तिने ओट्याच्या कोनाड्यातून काढला होता. तुझे वडील देवमन मूर्तिजापूरच्या लहान गाडीच्या रुळांवर गँगमन, छप्पन साली तुमचं सगळं घर बौद्ध झालेलं, हे आईने फाटकापासून दारापर्यंतच्या चार पावलांत तुझ्याकडून काढून घेतलं होतं. मी कप पाहिला. तूही पाहिलास. मी काही बोलले नाही, आणि मी एम.ए. होते.

दुसऱ्या दिवशी तू पिशवीतून स्वतःचा पितळी गिलास काढलास.

"आवो, कप आहे ना तुमच्यासाठी," आई म्हणाली.

"नाई आजी. नर्सनं कोनाच्या घरच्या भांड्यातलं पिऊ नये. कोनाले काय असन, सांगता येते काय? इन्फेक्शन."

आई दोन दिवस धुमसत होती. "सुभद्रे, तुझी ती नर्स आपल्याला रोगी म्हणून गेली!" मी हसून हसून बेजार. आज हसू येत नाही, पण ते तू केलंस तसं मला करता आलं नसतं, एवढं लिहून ठेवते.

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, तूच का? तू म्हणालीस, माझे वडील रोज सहा मैल चालतात आणि रुळाचा एकेक बोल्ट पाहतात. मी श्वास पाहते. त्या वाक्यात व्याकरणाच्या तीन चुका होत्या, मी मोजल्या. निवड झाली.

मुंबईहून तू बासष्टच्या जूनमध्ये परत आलीस, किडकिडीत होऊन. मी विचारलं, "दहा महिने काय शिकवलं गं?"

"बसाले शिकवलं."

"म्हणजे?"

"स्टुलावर बसाचं. पेशंटच्या डोक्याशी. अन् पाहाचं. छाती कशी हालते, नाकपुड्या कशा, नखं कोन्या रंगाची. पंधरा पंधरा मिंटांनी लिवाचं. बाई, आपल्याकडं नर्स बसली तं कामचोर म्हन्तात. तिथं उठली तं बोलनी खाते."

ही गोष्ट दवाखान्यात पसरायला एक दिवस लागला. "मुंबईला जाऊन बसायला शिकून आली," असं जिन्यात, लिनन रूममध्ये, सगळीकडे. वर्षभर त्यांनी तुला कपड्यांच्या कोठीवर ठेवलं. दहा महिने श्वास पाहायला शिकलेली बाई चादरी मोजत होती. तू अर्जावर अर्ज केलेस, इंग्रजीत, मी तपासून दिलेले. शेवटी पुरुषांच्या वॉर्डात तुला चार खाटा मिळाल्या. चाळीस खाटांचा वॉर्ड, दार एकच, दाराशी सिस्टरचं टेबल, आणि टेबलाच्या लगत चार खाटा. ऑक्सिजनचं एक नळकांडं. घशातला कफ आणि पाणी ओढून काढायचं पायाने दाबायचं एक यंत्र, त्याला काचेची बाटली. चार स्टुलं. स्टुलांसाठी तुला दोन अर्ज जास्त करावे लागले.

आणि त्या चार खाटांवर कोणी झोपेना.

कारण साधं होतं. पूर्वीपासून जास्त आजारी माणूस टेबलाजवळ ठेवायची रीत, सिस्टरची नजर राहावी म्हणून. जास्त आजारी, म्हणून त्यातले बरेचसे मरायचे. लोकांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला. दाराजवळ का ठेवतात? न्यायला सोपं जावं म्हणून. त्या खाटांना सगळा वॉर्ड 'जायची खाट' म्हणायचा. पेशंटला तिथे ठेवलं की नातेवाइकांची रडारड सुरू. एकदा तू जेवून परत आलीस तर चारही खाटा रिकाम्या, आणि चारही पेशंट त्यांच्या घरच्यांनी गादीसकट उचलून खिडकीकडे नेलेले. एका खाटेवर तर दोघं, पायाकडे डोकं करून.

"काहून नेलं?" तू ओरडलीस.

"बाई, तिकडं हवा बरी येते," एक म्हातारी म्हणाली.

"हवा माह्या नळकांड्यात हाय, माय! खिडकीत नाई!"

सहदेव पैलवान तुला त्यानंतर मिळाला. तालमीतला गडी, पोटात अपेंडिक्स फुटलेलं, बेशुद्धच आणला, त्यामुळे खाट नाकारायला कोणी विचारलंच नाही. पहिल्या खाटेवर अकरा दिवसांत तू त्याला मरणातून ओढून काढलंस. बरा झाला तसा तो मांडी घालून खाटेवर बसायचा, संत्री सोलायचा, सालं स्टुलावर रचायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हे खाट माह्या नावची करून द्या म्हनाव. सासऱ्यानं इतकी चांगली देल्ली नाई." वॉर्ड हसायचा. भेटीच्या वेळी, चार ते सहा, तालमीतली दहा-दहा पोरं त्याला बघायला यायची आणि सगळ्यांचे नातेवाईक त्या पोरांना बघायचे.

आणि तुझ्या लक्षात आलं की कुजबुज बदलली. एक माणूस आपणहून तुझ्याकडे आला. "सिस्टर, आमच्या बापाले पैलवानाजवळची खाट द्या ना."

सहदेवला घरी सोडायचा दिवस आला तेव्हा तू सर्जनसाहेबांना सांगितलंस, टाक्यांवर थोडी लाली आहे. लाली नव्हती. तू मला हे सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले ते आठवतं का? मी म्हणाले, "शाबास. याला म्हणतात जाहिरात." हे मीच म्हणाले. दुसऱ्या कोणी नाही.

चौसष्टच्या फेब्रुवारीतला एक बुधवार. पुढचं मी पाहिलेलं नाही. तू मला सांगितलंस त्याच क्रमाने लिहिते.

चांदूर रेल्वेचा गोवर्धन, वय अठ्ठावीस, भाजीपाल्याचा मळा. आतड्याला पीळ पडलेला. बरोबर त्याचे वडील केशवराव आणि बायको जयवंता. ऑपरेशन चांगलं झालं. साडेतीनला त्याला वॉर्डात आणलं, भुलीच्या इथरची गुंगी पुरती उतरलेली नव्हती. अशा माणसाला टेबलाजवळ, कुशीवर, उशी न देता, डोक्याशी कोणीतरी बसून ठेवायचं. हेच तू दहा महिने शिकून आली होतीस. चार खाटांपैकी तीनवर खरे आजारी होते. एक जिनिंगमधला भाजलेला कामगार, एक धनुर्वाताचा, एक न्यूमोनियाचा. पहिल्या खाटेवर सहदेव संत्री खात होता. त्याला घरी सोडायला हवं होतं त्याला चार दिवस झाले होते.

अर्ध्या तासात भेटीची वेळ. तालमीची पोरं यायची होती. तू म्हणालीस, "दोन तासांचा प्रश्न हाय. सहा वाजता पैलवानाले हालवते." गोवर्धनला चौदाव्या खाटेवर ठेवलंस, खिडकीकडे. कुशीवर वळवलंस, उशी काढलीस. शिकाऊ मुलगी भागीरथा, तिसऱ्या वर्षाची, तिला स्टुलावर बसवलंस. सांगितलंस, "हालू नको. इथून छाती पाह्यत राह्य."

सव्वाचारला भाजलेल्या कामगाराचं सलाईन बंद पडलं, तू त्यात गुंतलीस. साडेचारला वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरने भागीरथाला हाक मारली. एक म्हातारा खाटेवरून घसरला होता, त्याला उचलायला. नुसती बसून तर होती ती मुलगी. ती गेली. दहा-बारा मिनिटं.

तेवढ्यात केशवराव पोराजवळ आले. पोराच्या डोक्याखाली काही नाही हे पाहून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी अंगावरचं उपरणं काढलं, घडी केली, पोराला उताणा करून ते मानेखाली नीट दिलं. हनुवटी छातीला टेकली. मग ते गूळ-फुटाणे आणायला बाहेर गेले. जयवंता आली. तिला वाटलं तो पाणी मागतोय. पाणी देऊ नका असं तिला सांगितलेलं होतं, म्हणून तिने पदराचं टोक ओलं केलं आणि त्याच्या ओठांवरून फिरवलं.

भागीरथा परत आली आणि ओरडली. तू धावलीस. तोंड निळं. उपरणं ओढून काढलंस, जबडा पुढे ओढलास, बोट घातलंस. जीभ मागे पडलेली होती. घशात नळी घालून पायाने यंत्र दाबत राहिलीस. बाटलीत काही आलं नाही. पाण्याचा एक थेंब नाही, कफ नाही. बाटली कोरडी होती. तू दाबत राहिलीस. पाच वाजून दहा मिनिटांनी सर्जनसाहेबांनी तुझ्या खांद्याला हात लावला.

मग त्यांनी जयवंताच्या हातातला ओला पदर पाहिला.

"पाणी कोणी पाजलं?"

"ओठ ओले केले जी," ती म्हणाली. "मागत होते."

साहेब काही वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. ते मोठ्यांदा म्हणाले, "झालं तर मग. पाणी श्वासनळीत गेलं. सांगून सांगून थकलो या लोकांना." सगळ्या वॉर्डाने ऐकलं. फुटाणे घेऊन कधीचे दारात उभे असलेल्या केशवरावांनीही ऐकलं. कागदावरही तेच लागलं.

तू हातात कोरडी बाटली घेऊन उभी होतीस. तू काही बोलली नाहीस. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तूच मला दहादा सांगितलंस. "मी तवा बोल्ली नाई, बाई. तवा बोलाचं होतं." पण तुझा तक्ता तू लिहिलास. तुझ्या पंधरा मिनिटांच्या कागदावर, तुझ्या गोल अक्षरात: सक्शन केलं, काही आलं नाही, जीभ मागे, डोक्याखाली कापड, खाटेजवळ नर्स नाही. तो कागद केसपेपरात लावला नाहीस. पिशवीत ठेवलास, गिलासाजवळ.

सहदेवला तू त्याच संध्याकाळी घरी पाठवलंस. तो जाताना म्हणाला, "काहून वो सिस्टर, भांडन झालं काय आपलं?" तू पहिल्या खाटेची चादर बदलायला घेतलीस.

महिनाभराने केशवराव दवाखान्यात आले. टोपलीत फुलकोबीचे पाच गड्डे आणि मेथी. तुझ्या टेबलावर टोपली ठेवून म्हणाले, "तुमी लय केलं बाई. माह्या पोरापायी पाय दुखेपर्यंत ते यंत्र दाबलं, मी पाह्यलं. आमच्याच घरची सून खोटी निघाली."

तू विचारलंस, "सून कशी हाय?"

"हाय घरीच. कुठी जाईन? मायबाप नाई तिले. काम करते मळ्यात." मग म्हणाले, "तिच्या हातचं पानी घरात कोनी पेत नाई आता. माही बायको म्हन्ते, जिनं नवऱ्याले पानी पाजून मारलं तिच्या हातचं नको. पोट्टं हाय दोन वर्साचं. त्यालेही दुसरीच पाजते."

त्यांनी ते तक्रारीने नाही सांगितलं. घरात शिस्त आहे, तुम्ही काळजी करू नका, अशा सुरात सांगितलं.

तू त्या संध्याकाळी माझ्याकडे आलीस. बसलीस. आई आत होती. तू पिशवीतून गिलास काढलास, मी तांब्यातून पाणी ओतलं, तू ते पाहत राहिलीस. मग न पिता कुंडीत ओतून गिलास परत ठेवलास. आणि कागद काढून माझ्यासमोर ठेवलास.

"तुमी माह्यासंगं चांदूरले चला."

"कशाला?"

"त्या म्हाताऱ्याले सांगाचं हाय. पान्यानं नाई मेला. बाटली कोरडी होती. मी बोलीन, पन मधातच माहा घसा बसन. मंग तुमी हा कागद वाचा. तुमी कालेजातल्या बाई, तुमचं ते ऐकतीन."

"आणि उपरण्याचं काय सांगशील? म्हाताऱ्याला सांगशील की तुमच्याच हाताने..."

"नाई. थे नाई सांगनार. मी सांगीन, खाट रिकामी करता येत होती अन् मी केली नाई. डोक्याशी मानूस नोता. हे खरं हाय ना? इतकं पुरते."

पुरलं असतं. आता मला कळतं की एवढंच पुरलं असतं.

पण मी काय केलं ते लिहिते. एप्रिलमध्ये मुंबईहून अधिकारी यायचे होते. तुझ्या चार खाटा पाहून ठरवणार होते की अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि आपल्याकडच्या पास झालेल्या नर्सना तीन-तीन महिने इथे आणून हे पुढचं शिक्षण द्यायचं की नाही. तो प्रस्ताव तुझा होता, इंग्रजी माझं. मी म्हणाले, "इंदू, तू चांदूरला जाऊन हे बोललीस की आठ दिवसांत ते दवाखान्यात येईल. नर्स खाटेजवळ नव्हती, बरा झालेला माणूस खाट अडवून होता, असं म्हणतील. खाटा काढून घेतील. मग पुन्हा चादरी मोज. चार जिल्ह्यांतल्या मुली शिकल्या तर किती माणसं वाचतील, आणि इकडे एक बाई."

तू म्हणालीस, "तुमाले हिशोब येते, बाई. मले ते पोट्टं दिसते, दुसरीच्या हातचं पेनारं."

"जाऊ ना. नाही कोण म्हणतंय? तपासणी होऊ दे. मग जाऊ."

तू कागद माझ्याकडेच ठेवलास. "तुमच्याकडं राहू द्या. माह्याजवळ राह्यला तं मी एकटीच जाईन अन् काई बोलता येनार नाई."

तपासणी छान झाली. अधिकाऱ्यांनी चार स्टुलं पाहून मान डोलावली. जुलैत सहा मुलींची पहिली तुकडी आली. तू त्यांना शिकवलेला पहिला धडा मी ऐकला, मला मुद्दाम बोलावलं होतंस. चार खाटांवरच्या उशा तू काढून फरशीवर टाकल्यास आणि म्हणालीस, "कोनी मायेनं उशी देईन. बाप देईन. त्याचा राग नाई कराचा. काढाची अन् डोक्याशी बसाचं. कोनीबी हाक मारली तरी उठाचं नाई. एक होता, त्याच्यापासून दहा मिंटं उठली एक पोरगी. तिची चुकी नोती. तिले बसवनारीची होती." सहा मुलींनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या तुकडीनेही. अकोला, खामगाव, यवतमाळपर्यंत ते पोचलं. चांदूर बडनेऱ्याहून पॅसेंजरने तासाभरावर होतं, तिथे नाही पोचलं.

पहिली खाट तू त्यानंतर कायम रिकामी ठेवायचीस. जमिनीवर पेशंट झोपलेले असले तरी. त्यावरून बोलणी खाल्लीस, दोन मेमो घेतलेस. "येनाऱ्याची हाय," एवढंच सांगायचीस. लोक पुन्हा तिला 'जायची खाट' म्हणायला लागले. तुला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तुझं हसणं कमी झालं असं मी म्हणणार नाही. पैलवानाच्या गोष्टी तू नव्या मुलींना सांगायचीस, त्या हसायच्या, तूही ओठ हलवायचीस. मी जवळून पाहायचे, म्हणून मला माहीत आहे की ते नुसते ओठ होते. माझंही तसंच होत गेलं. आपण भेटायचो, चहा व्हायचा, तुझा गिलास, माझा कप. चौसष्टच्या दिवाळीनंतर जाऊ असं म्हणालो. मग माझे पेपर तपासायचे होते. मग तुझी दुसरी तुकडी. मग पासष्टमध्ये मला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली. कागद माझ्या सामानात अकोल्याला आला. अजून इथेच आहे, टेबलाच्या खणात. घडीवर फाटला आहे, पण वाचता येतो.

कोणाला वाटेल आपण विसरलो. आपण कधीच विसरलो नाही. भेट संपताना तू दारात थांबायचीस, चप्पल घालायला लागतो त्यापेक्षा थोडा जास्त वेळ. मी म्हणायचे, "हो, हो, जाऊ." तू म्हणायचीस, "हाव." एकोणसत्तरनंतर तू दारात थांबणंही सोडलंस.

एकदाच पक्कं ठरलं होतं. सहासष्टचा जानेवारी, रविवार. मी अकोल्याहून पॅसेंजरने निघणार, तू अमरावतीहून बडनेऱ्याला येऊन त्याच गाडीत बसणार, आणि पुढे दोघी चांदूरला. मी चांदूरपर्यंतचं तिकीट काढलं. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा लहान गाडीच्या रुळांकडे पाहिलं, तुझे वडील दिसतात का म्हणून. रविवार होता, कोणी नव्हतं. कागद काढून दोनदा वाचला. इंग्रजी होता, मी मनातल्या मनात मराठी केलं, केशवरावांना कळेल असं. बाटली कोरडी होती. पाणी नव्हतं. जयवंताचा दोष नाही. तीन वाक्यं. सोपी होती.

बडनेऱ्याला तू नव्हतीस. मी खिडकीतून पाहिलं, मग दारातून पाहिलं, मग खाली उतरले. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं पातळ कुठे नव्हतं. पहिल्या खाटेवर कोणीतरी आलं असणार, हे मला तिथेच कळलं. तुझं पत्र चार दिवसांनी आलं, त्यात तेच होतं. मळ्याची वाट कोणालाही विचारता आली असती. कागद माझ्याजवळ होता. वाचणारी मीच होते, तू तर फक्त घसा बसेपर्यंत बोलणार होतीस.

गार्डाने शिट्टी दिली. माझा डबा माझ्यासमोर होता, दार उघडं, पायरी दोन पावलांवर. मी उभी राहिले. गाडी हलली, डबा गेला, मागचा डबा गेला. मी तिकीट पर्समध्ये ठेवलं आणि अकोल्याची गाडी किती वाजता आहे ते विचारायला स्टेशनमास्तरांच्या खोलीकडे गेले.